सत्तावन्न

एक फेब्रुवारी, दुपारचे बारा.
तोवर खाडीतली प्रत्येक बॅरामंडी सरकारची,
आणि मी लुसिंडाच्या पलीकडे, गस्टच्या खाडीत नांगर टाकून,
रॉड मांडीवर आडवा,
अकरा वीसलाच सगळं सँडविच संपवून बसलेली.

तीन हंगाम झाले.
शाळेच्या बसमधली पोरं दर सोमवारी विचारतात,
"मिस टर्ली, लागला का?"
आणि मी आरशात न बघता गिअर टाकते.
काल रात्री गाडीच्या शेडमध्ये
कपडे भिजवायच्या टबात शंभरदा गळ टाकला.
नव्वददा टबात पडला.
दहादा कुत्र्याच्या पाण्यात.
कुत्रा आता माझ्याकडे संशयाने बघतो.

या वेळी बोटीत नेव्हिओ आहे.
वय एकोणऐंशी, ऊस तोडून तोडून वळलेली बोटं,
बोलणं असं, की शब्दाला पैसे पडतात.
पहाटेपासून त्याने एवढंच सांगितलंय:

गाठ थुंकी लावून आवळ.
पुढचा तंगूस जाड घे. याचे ओठ म्हणजे कानस.
भरतीच्या नादी लागू नकोस.
सुकती लागली की खारफुटीतल्या ओहोळाचं तोंड धर,
जिथे गढूळ पाणी हिरव्या पाण्याला लागतं, ती रेघ.
बोय उडायला लागली की तोंड बंद.
नकली मासा पडला की लगेच ओढायचा नाही.
एक झटका. मग थांब.
"किती थांबू?"
"कंटाळा येईपर्यंत. मग अजून थोडं."

मगरीबद्दल बोललाच नाही.
काठावरच्या ओल्या घसरणीकडे
फक्त हनुवटी केली.

रेडिओवर बारा वाजले.
माझा पहिला गळ थेट झाडावर.
सोनेरी, अठरा डॉलरचा, फांदीला लोंबत राहिला.
नेव्हिओने सफरचंद पुसलं, चावलं.
दुसरा गळ. तिसरा. डास.
निवट्या चिखलात एकमेकींवर डोळे वटारत होत्या.
पाणी उतरताना मुळांमधून
कुणीतरी कपातला शेवटचा घोट ओढावा तसा आवाज.
मी थांबले. कंटाळले. अजून थोडं

भुप्

आणि हातातलं सगळंच दुसऱ्याचं झालं.
रीळ किंचाळलं. तो पाण्याबाहेर आला,
अख्खा, चंदेरी, डोकं झाडत,
कल्ले उघडे, लाल, आत कुणीतरी भट्टी पेटवलेली.
"वाक!" नेव्हिओ ओरडला. "वाक त्याच्यापुढे!"
मुख्याध्यापकांपुढे कधी न वाकलेली मी
माशापुढे कमरेतून वाकले,
रॉडचं टोक पाण्याला टेकेपर्यंत.
तंगूस ढिला पडला, तुटला नाही.
दोनदा उडी. दोनदा नमस्कार.

मग जाळी, ओला टॉवेल, मोजपट्टी.
सत्तावन्न.
नेव्हिओने चष्मा लावून मोजला. चष्मा काढून मोजला.
अठ्ठावन्न लागतात.
"शेपूट जरा दाबली तर..." मी म्हणाले.
त्याने माझ्याकडे बघितलंही नाही,
हात पाण्यात बुडवून ओले केले.
"हा नर आहे," म्हणाला. "लहानपणी सगळे नरच.
काही वर्षांनी हाच मादी होतो, अंडी घालतो."
अंडी घालतो.
हे वाक्य कुठल्या लिंगात संपवायचं
मला अजून कळलेलं नाही.

मी त्याला बोटीच्या कडेला धरून ठेवलं,
खालचा ओठ अंगठ्यात, तोंड प्रवाहाकडे.
कल्ले एकदा हलले, दोनदा.
जा बाबा.
परत येशील तेव्हा बाई होऊन ये,
मला ओळख दाखवली नाहीस तरी चालेल.
शेपटीचा एक फटका, माझ्या चेहऱ्यावर खाडी,
आणि हात रिकामा.

अंगठा सोलवटलाय, बारीक रक्त.
उद्या सोमवार. आरशात तोच दाखवीन.

नेव्हिओ माझी गाठ तपासत होता,
उन्हाकडे धरून, दातांनी ओढून.
"सुकती अजून पाऊण तास आहे," म्हणाला,
"आणि तो झाडावरचा काढून आण आधी, अठरा डॉलर म्हणजे काय थोडे झाले."