दीड ग्रॅमचं पोतं

हर्षदानं ते कपात सोडलं आणि मी बघतच राहिलो.
हे तर पोतं आहे.
एवढंसं. दीड ग्रॅमचं, पोरगी म्हणाली.
तोंड शिवलेलं, वरून सुतळी सोडलेली,
सुतळीच्या टोकाला चिठ्ठीसुद्धा,
माल कुणाचा ते सांगणारी.

एकतीस वर्षं मी दाणाबाजारात पोती उचलली.
साखरेची क्विंटलाची, पुढं पन्नासाची झाली,
तोवर मान आखडली होती.
आकडा मारायचा, वाकायचं,
मागचा गडी ‘हं’ म्हणाला की चालू पडायचं.
आता हे पोतं दोन बोटांनी उचलायचं
आणि वजन म्हणे माझं कमी व्हायचं.

कोपरखैरण्याच्या खोलीत बेसिनखाली
डिजिटल काटा आलाय.
एक्क्याण्णव पूर्णांक चार.
रिटायर झालो तेव्हा बाहत्तर होतो.
काम सुटलं, भूक कुठं सुटते?
पाच भाकऱ्यांचं ताट तसंच राहिलं,
घाम तेवढा गेला.
डॉक्टर म्हणाले, हे ओझं गुडघ्यांना झेपणार नाही.
मला हसू आलं.
ह्या गुडघ्यांना विचारा काय काय झेपलंय.
मग जिना उतरताना गुडघेच बोलले,
मालक, वाराई वाढवा आता.

चव सांगू?
भिजलेलं गोणपाट पिळा,
निघेल ते पाणी तापवा.
वच्छला म्हणते, औषध समजून घ्या.
ती आपला आल्याचा चहा
दाराकडं तोंड करून पिते, मला दिसू नये म्हणून.
वास काही तोंड फिरवत नाही.
पहिल्या आठवड्यात मी दोनदा
अख्खा कप तुळशीला घातला.
तुळस बारीक झाली.
मी नाही.

पोरगी वाशीला लॅबमध्ये रक्त तपासते.
कपावर बशी झाकून मोबाईलवर तीन मिनिटं लावते,
जास्त ठेवलं तर कडू होतं म्हणते.
एकदा म्हणाली, बाबा, नुसत्या ह्यानं काही होत नसतं.
दूध-साखरेचे पाच कप सुटतात, तेवढाच फायदा.
चालावं लागेल. भाकऱ्या दोन.
खरं बोलली.
पाकिटावर हे लिहिलेलं नव्हतं.

मग चालायचंच, तर बाजाराकडं चालू लागलो,
खिशात एक पुडी.
मापाडी नवा, गाळे तेच,
मिरचीच्या गल्लीतल्या शिंका त्याच.
टोळीतले चौघं कांताच्या टपरीवर.
“या मुकादम!” आणि कटिंग पुढं.
मी म्हणालो, नुसतं गरम पाणी दे.
कांताला वाटलं, गोळी घ्यायचीय.
मी खिशातून पोतं काढलं
आणि सुतळी धरून ग्लासात सोडलं.

हसले. लई हसले.
सदू म्हणाला, हमालाला पोतं सुटत नाही बघा.
बाळकू म्हणाला, आकडा आणू का?
सर्जेराव हसला नाही.
एके काळी पैजेवर दोन पोती एकदम घेणारा गडी,
साखरेनंच धरला शेवटी. पायाची बोटं आठ उरलीत.
बाकीचे क्रिकेटवर भांडायला लागले
तेव्हा माझ्या कानाशी आला,
“अजून एखादं आहे का रं?”

एकच होतं.
तेच काढून त्याच्या ग्लासात बुडवलं,
रंग जेमतेम आला.
दोघंही तोंड वाकडं करून प्यालो.
दुसऱ्या गुरुवारी मी पाच नेली.

महिन्यानं काटा म्हणाला, नव्वद पूर्णांक आठ.
सहाशे ग्रॅम.
बाजारात एवढी घट कुणी लिहीत नाही,
कडत्यात जाते.
काट्यावरून उतरायच्या आधी वाटलं,
हे वरचं सगळं बारदानच असेल,
वजा करा, निव्वळ माल
अजून बाहत्तरच निघेल.

हर्षदानं मात्र ते सहाशे ग्रॅम
कॅलेंडरवर लिहिले, लाल पेनानं.
दूध अर्धा लिटर कमी केलंय,
त्या हिशेबाच्या शेजारी.