खाल्ल्या मिठाला

मीठ आधी दिसत नाही.
चाकाच्या कमानीत बसतं, चॅसीच्या पोटात शिरतं,
जिथं पाण्याची नळी पोचत नाही
तिथं पाहुण्यासारखे पाय पसरतं.
मग एक दिवस स्क्रू-ड्रायव्हर टोचून बघावा
तर लोखंड पापडासारखं मोडतं.

ही लँड क्रूझर शहाऐंशी सालची.
मी तिच्याहून आठ वर्षांनी मोठी,
आणि आम्हा दोघींचा डावाच गुडघा वाजतो.

उयुनीत, रुळांच्या पलीकडे, माझी पत्र्याची शेड.
पाटीवर अजून दॉन फोर्तुनातोचं नाव.
खाली मी बारीक अक्षरांत लिहिलंय:
हिलारिया कोल्के. वेल्डिंगसुद्धा.

यंदा मागचे पाटे बदलले, एक जास्तीचा घातला.
गाडी दोन बोटं उंच झाली. चार झाली असती,
पण उंच गाडी वाऱ्याशी भांडते
आणि इथला वारा भांडण मिटवत नाही.
डिफरन्शियलचा श्वासनळा वर नेला, बॉनेटखाली,
फेब्रुवारीत मिठावर पाणी उभं राहतं,
घोट्याइतकं, कुठं कुठं पोटरीइतकं.
डिझेलचा पंप जरासा मागे घेतला:
साडेचार हजार मीटरवर तिलाही माझ्याइतकीच हवा कमी,
उगाच जास्त भरवून काळा धूर कशाला?
आणि पोटाला खालून जळकं ऑइल,
बाळंतिणीला चोळावं तसं,
सांधा न् सांधा.

विल्मेर म्हणतो, मावशी, नवी घे.
मी म्हणते, नवी बिघडली की दिवा लावते.
ही बिघडली की बोलते.
दिव्याशी वाद कसा घालू?

परवा चॅसीचा उजवा दांडा कापायला घेतला.
गंजाचे पापुद्रे सुटत गेले, हातात, बाहीत, दातांत.
आणि खाली वीतभर तुकडा,
काळा, जाड, अख्खा.
भंगारातल्या जुन्या आगगाडीचं लोखंड.
कडेनं वेल्डिंगची शिवण:
वेडीवाकडी, मध्येच तुटलेली, पुन्हा धरलेली.
थरथरत्या हाताची.

शेवटची दोन वर्षं त्याचा हात राहत नसे.
कप ठेवायचा तर आधी टेबल चाचपावं लागे.
आम्ही पोरं हसायचो. मी जास्त.
तेव्हा ही गाडी सहकारी संस्थेची होती.
त्यानं एक जोड दिला, गिऱ्हाईकानं नाक मुरडलं,
आणि तो जेवायला गेल्यावर शेजारचा जोड मी दिला.
सरळ, देखणा, ओळीत मुंग्या चालाव्यात तसा.
पैसे माझ्या हातात आले. मी ते सांगितलं नाही.

माझा जोड त्याच्यापासून तीन बोटांवर होता.
बोट लावलं. भुकटी झाली.

त्यानं खालचं लोखंड आधी घासलं असणार,
आरसा होईतोवर, त्या हातांनी, किती वेळ कोण जाणे.
मी रंगावरूनच जोडलं होतं.

गाडीखाली उताणी पडून राहिले.
दिव्याची वायर मानेखाली रुतत होती.
ज्याच्या घरचं मीठ सहा वर्षं खाल्लं
त्याच्याशी मी कधी जागले नाही,
आणि त्याचा तुकडा मात्र मिठाशी
एवढी वर्षं एकटा जागत बसलेला.

त्याच्या तुकड्याला हात लावला नाही.
भोवतीचं सगळं कापलं, नवं बसवलं.
जोडण्याआधी घासलं.
विल्मेर दोनदा विचारून गेला, झालं का?
नाही झालं.

गोड्या पाण्याचा ट्रक गुरुवारी येतो.
दोन पिंपं फक्त तिच्या पोटासाठी धरून ठेवलीत,
मिठावरून परतली की त्याच रात्री धुवायला,
पाहुणा पाय पसरायच्या आत.

कार्निव्हलच्या मंगळवारी
बॉनेटवर रंगीत कागदाच्या पट्ट्या बांधल्या,
चारी चाकांपाशी पाचामामासाठी दारू ओतली.
मग वाकले, डावा गुडघा वाजला,
आणि उरलेला घोट आत, दांड्याखाली,
कुणाला दिसत नाही तिथं.

विल्मेर म्हणाला, मावशी,
स्टेपनी तर छपरावर आहे.