नावं ठेवायला जागा नाही

फहाहीलच्या बाजारात एका मिसरी माणसाकडून
अठरा दिनारला घेतली ही हार्ड डिस्क.
दोन टीबी, वल्ला, दोन टीबी, म्हणाला.
लावून पाहिली तर एक पॉइंट आठ.
तेवढी कपात तर आमचा एजंटही करतो.

तीनशे अकरा मराठी सिनेमे, नाटकं वेगळी,
दिलावर परकारच्या कव्वाल्या, तुस्कानोच्या घरची लग्नं.
गुरुवारी रात्री ती निघते
बनियनमध्ये गुंडाळून,
मंगाफ, अबू हलिफा, महबूला,
आणि रविवारी परत येते
कुणाच्या तरी व्हायरससकट,
कधी सुक्या बांगड्याचा वास घेऊन.

चोरी आहे का ही?
खोलीतला हा वाद एसीसारखा, बंद म्हणून होत नाही.
तुस्कानो म्हणतो, आहे,
आणि उशी घेऊन सगळ्यात पुढे बसतो.
दिलावर म्हणतो, अरे, पैसे घ्या म्हणून कार्ड पुढे केलं
तर अ‍ॅप म्हणतं,
'हा चित्रपट तुमच्या देशात उपलब्ध नाही.'
तुमच्या देशात!
त्या दोन शब्दांवर आम्ही इतके हसलो
की खालच्या मजल्यावरून कुणी पाइपवर ठोकलं.

मग आला उत्तम धुरी. शुऐबाला, स्कॅफोल्डिंगवर.
वरचा पलंग. बोलणं कमी.
तिसऱ्या गुरुवारी मी एक सिनेमा लावला,
थिएटरात कुणी चोरून टिपलेला,
मध्येच एक डोकं उठून जातं, एक माणूस सारखा खोकतो.
विहिरीच्या प्रसंगाला उत्तम खाली उतरला.
हा रहाट, म्हणाला.
हा रहाट मी घेतलाय.
म्हणजे आवाज. बांबूच्या टोकाला माइक,
तो डोक्यावर धरून अकरा मिनिटं.
तीनदा घ्यावा लागला, सरपंचाची कोंबडी ओरडायची.
आता ऐका.
आम्ही ऐकलं. रहाटावर तो माणूस खोकला.

पैसे? अर्धे मिळाले.
दुसऱ्याच आठवड्यात सिनेमा सगळीकडे फुकट, निर्माता बुडाला.
'तेव्हाही दांडाच धरायचो, आताही पाइपच धरतो.'
मग म्हणाला, शेवटी माझं नाव आहे, थांबा.
आईला थिएटरात नेलं होतं,
सरकन वर गेलं, तिला वाचता नाही आलं.

थांबलो.
नायिका वळली, पडदा काळा,
आणि पुढचा सिनेमा सुरू.

कुणी माझ्याकडे पाहिलं नाही,
कुणाला ठाऊकच नव्हतं.
नावांची पट्टी मीच कापतो. प्रत्येक सिनेमाची.
चार मिनिटं, तीस-चाळीस एमबी.
तेवढ्यात पंधरा सिनेमे जादा बसवलेत,
हिशोबाला पक्का माणूस मी.
दिलावर तर सांगत फिरायचा,
ह्याच्या डिस्कला नाव ठेवायला जागा नाही.

खरंच नव्हती.

शनिवारी मेसमध्ये, डाळ वाढून घेताना, सांगून टाकलं.
रागावला असता तर बरं.
विचारलं फक्त, रिसायकल बिनमध्ये सापडेल?

नाही सापडलं.
मग तो बोलत गेला, मी टाइप करत गेलो.
आधी स्वतःचं नाही. जनरेटरवाला भिकाजी.
चहा देणारा पोरगा, आडनाव आठवेना,
तर नुसतं 'चहा: बारक्या'.
कोंबडी पोटाशी धरून बसलेली सरपंचाची सून,
ती खऱ्या पट्टीत नव्हतीच, म्हणाला, पण घाल.
सत्तेचाळीस नावं. सेव्ह केलं.
दोन केबी.

काल मंगाफहून फोन.
भाऊ, सिनेमाशेजारी एक बारकी फाइल आलीय,
व्हायरस दिसतोय. उडवू?
म्हटलं, उघड आधी.
आणि मोठ्यानं वाच.
फोन स्पीकरवर टाकला.
तो वाचू लागला, बारक्यापाशी हसला, पुढे गेला.
वरच्या पलंगाची करकर थांबली होती.