कलम नऊ

करारातलं कलम नऊ माझंच.
'पूर्णवेळ' या शब्दासाठी मीच भांडलो,
साहेबांनी त्याच्या पुढे अलगद 'तात्पुरता' बसवला,
अन् आम्ही गेटवर पेढे वाटले.

लटारी टेकाम, पॅकिंग विभाग. आठ तास,
जेवायला वीस मिनिटं,
कायमवाल्याइतकंच सिमेंट नाकात.
दोनशे एकोणचाळिसाव्या दिवशी
तो स्टोअरात बूट जमा करतो.
कारकून तळवे उलटून पाहतो, चिठ्ठी फाडतो.

दुसऱ्या दिवशी तेच बूट
कोरपन्याच्या एका पोट्ट्याच्या पायात.
पुढून सैल. त्यानं कापूस कोंबला.

"बुटाले पाच वर्सं झाले ना बावा,"
लटारी टपरीवर म्हणाला,
"त्याले एकडाव बी ब्रेक नाही.
आपल्या खात्यात कायम तोच हाये."
सगळे हसले. मीही हसलो,
मग बशीत सांडलेला चहा
परत कपात ओतत बसलो.

नवा करार दिवाळीनंतर.
यंदा काय मागू, मी विचारलं.
चप्पल काढून
टाचेवरचा जुना घट्टा खाजवत
तो बराच वेळ गप्प.
"आठ नंबर माग," म्हणाला,
"सात चावते."