तारा बदलू नका

मला तो आवाज हवा होता
जो सहासष्ट साली आमच्या भिंतीतून यायचा.
शेजारी ल्यूशस टेट. टायरच्या कारखान्यात रात्रपाळी.
दुपारी उठून, मोजे न घालता, बेस वाजवायचे.
(मोज्यांचं ठाऊक आहे, कारण एकदा साखर मागायला गेलो होतो.)

भिंत गाणं अडवायची, शब्द अडवायची,
रेकॉर्डवरच्या गाणाऱ्या बाईला तर उंबऱ्यावरच थोपवायची.
बेस तेवढा आरपार.
ढुम्. मग थोडी मोकळी जागा. मग ढुम् ढुम्.
त्या काळातली कितीतरी गाणी
मला नुसती पायाकडून माहीत आहेत.

आता साठी उलटली. अ‍ॅक्रनमध्ये तीस वर्षं बस हाकली,
डावा गुडघा क्लचला वाहिला,
आणि खिशात अडीचशे डॉलर घेऊन दुकानं पालथी घालतोय.
त्या सालचा अस्सल बेस काचेच्या कपाटात होता.
पोरानं किंमत सांगितली.
मी विचारलं, यात चाकं पण येतात का?

नवे स्वस्तातले वाजवून पाहिले. चकचकीत, गुणी,
पण तारा अशा खणखणतात
जसा कुणी चमच्यांचा खण जिन्यावरून सोडून दिला.
टेटांचा सूर खणखणायचा नाही.
तो पडायचा, ओल्या मातीत बटाटा पडावा तसा,
आणि पडला की उठायचा नाही.

चर्चमधला ड्रमवाला रॉस्को म्हणाला, लाकूड बघ.
त्याचा भाचा म्हणाला, लाकूड सोडा, पिकअप बघा.
इमोजीन म्हणाली, बघत काय बसलायस, ऐक की.
चाळीस वर्षांच्या संसारात तिचंच बरोबर निघतं,
हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.

बार्बर्टनला गहाणवटीचं दुकान. मालकीण मॅग्डा होर्वाथ.
बर्फ उपसायची फावडी, दोन ड्रिल मशिनं,
कुणाच्या तरी लग्नाची अंगठी,
आणि मागे, भिंतीकडे तोंड करून, शिक्षा झाल्यासारखा तो.
जपानी बनावटीचा. करपलेल्या पावाच्या रंगाचा.
डोक्यावर नाव होतं तिथे आता खिळ्यांची दोन भोकं.
एकशेऐंशी.

"तारा मेल्यात त्याच्या," ती म्हणाली,
"कुणी जन्मात बदलल्या नाहीत. थांब, नव्या घालते,
वीस डॉलर वर दे."
आणि पक्कड उचलली.
मी तिचा हात धरला.
परक्या बाईचा हात असा धरू नये, मान्य,
पण वेळच तशी होती.

पत्र्याच्या झाकणाखाली, तारांच्या पोटाशी
फोमचा एक तुकडा खुपसलेला,
ब्लेडनं वाकडातिकडा कापलेला, घामानं काळा.
कुणीतरी या आवाजावर घरच्या घरी काम केलं होतं.
मी अंगठा टेकवला.
ढुम्.
आला आणि वेळेवर मेला.
मॅग्डाच्या कॉफीवर एक गोल उमटला, तो मात्र
जरा वेळ रेंगाळला.

नाही, हा टेटांचा बेस नव्हता.
मलाही क्षणभर वाटलं, म्हणून उलटून पाहिला.
टेट डावखुरे होते. हा उजव्या हाताचा.
कुणा दुसऱ्याच माणसानं
दुसऱ्याच भिंतीआड हीच खटपट केलेली.
टेट अठ्ठ्याहत्तरला गेले. कारखान्यात आता भाड्याची ऑफिसं आहेत.
पट्टा मॅग्डानं फुकट दिला. तो कुत्र्याचा असावा.

चौथ्या तारेची खुंटी सैल आहे,
दर तिसऱ्या गाण्याला उतरते. रॉस्को वैतागतो.
तारा मी पुसतसुद्धा नाही.

काल खालच्या मजल्यावरची नवी भाडेकरू जिन्यात भेटली.
नर्स आहे, तिचीही रात्रपाळी. माझ्या पोटात गोळा.
म्हटलं, त्रास होतो का? दुपारी झोपता ना तुम्ही?
म्हणाली, तसं नाही. पण ते गाणं कुठलं?
दोन दिवस डोक्यात अडकलंय, नाव आठवत नाही.

मी किल्ल्या चाचपत उभा.
वरचं सगळं, म्हटलं,
मलाही कधी ऐकू आलं नाही.