गाळलेलं वर्ष

सकाळी आठ, दुपारी एक, संध्याकाळी सहा.
साखळीच्या पुलाखाली उतरायचं,
खांबाला ठोकलेल्या पांढऱ्या पट्टीवर
वाळवंटी कुठल्या आकड्याला टेकलीय ते बघायचं,
रजिस्टरात लिहायचं.
एकतीस वर्षं हीच नोकरी : नदीची उंची मोजणं.
शाळेत मास्तर पोरांची मोजत तशी,
फक्त ही पोर वाढते तशी उतरतेही.

पाणी चढायला लागलं की तासातासाला.
मग ऑफिसला एक फोन
आणि कुठल्याच वहीत नसलेला दुसरा, माशेलला,
थोरल्या बहिणीकडे.
तिचा नवरा पुरसो खाजनातली मानस सांभाळतो,
लाकडी दारं, भरतीला मिटणारी,
ओहोटीला उघडणारी.
"ताय, भरती केन्ना?"
ती कॅलेंडर बघत नाही.
परसात जाऊन खाडीचा वास घेऊन येते.
"तुझं पाणी अडीचच्या आधी धाड.
मागीर दर्या घेवचो ना."
जणू मीच धाडतो.
जणू नदी म्हणजे
चवथीला माहेराहून जायचं वजें.

गेल्या वर्षी आराखडावाले आले.
नदीखोरं, एकात्मिक, पुढची पन्नास वर्षं.
पालिकेच्या सभागृहात पडदा लावला
आणि त्यावर माझे आकडे
निळी रेघ होऊन चालू लागले.
सगळे एकत्र मी पहिल्यांदाच पाहिले.
मध्ये एका पावसाळ्यावर रेघ सपाट,
इस्त्री फिरवल्यासारखी.
"त्या वर्षाचं रजिस्टर मिळालं नाही,"
वेरेकर मॅडम म्हणाल्या,
"म्हणून सरासरी भरली."

मिळणार कुठून?
त्या रात्री रजिस्टर, टेबल, माझी छत्री
खोलीच्या दारासकट गेली.
वर धरणाचे दरवाजे उघडलेले,
खाली तायच्या तिथे भरती,
मधे आमचा बाजार.
पट्टी बुडाली तेव्हा मी पुलावर उभा होतो.
मोजायला काही उरलं नाही,
म्हणून मोजलं नाही.
आणि सगळ्यात मोठा पूर
आता सरासरीत बसवलेला,
भरल्या पंगतीत चेपून बसवलेल्या
पाहुण्याच्या पोरासारखा.

उभा राहिलो.
बोलायची सवय नाही, आकडा सांगायची आहे.
म्हणालो, खूण आहे.

मॅडम आल्या. एकट्या, टेप घेऊन.
काणेकरांच्या भुसारी दुकानात
मिरच्यांच्या पोत्यांमागची भिंत.
आम्ही चाकूने वर्षं खरवडत गेलो :
पिस्ता, पिवळा, गुलाबी,
एक निळा, जो काणेकरांनाही आठवेना,
मग चुना.
चुन्यात खिळ्याने ओढलेली रेघ
आणि त्यांच्या वडलांचं वळणदार अक्षर :
येथवर.

टेप लावली. रेघ माझ्या कपाळाला आली.
मॅडम काही बोलल्या नाहीत,
मिरचीने दोनदा शिंकल्या,
आकडा तळहातावर लिहिला.
कागद गाडीत राहिले होते.

मसुदा आला.
आलेखावर आता एक सुटा ठिपका,
रेघेपासून लांब, कुणाशी न बोलणारा.
शेजारी कुण्या मोठ्या साहेबाची पेन्सिल :
"खात्री करावी."
भिंत किती उंच बांधायची
ते या दोन शब्दांवर अडलंय.
काणेकर विचारतात, चवथीला रंग काढू?
तेवढं सोडून काढा, म्हटलं.

आज संध्याकाळी सहाला
पाणी कालच्याहून दोन बोटं खाली. पाऊस नाही.
तायला फोन केला, उगाच.
"काय धाडतोस?" तिने विचारलं.
आज काही नाही.
मग तिनेच सांगितलं, मानशीच्या दाराला
पुरसोने फणसाची नवी फळी बसवलीय,
स्वतः तासून.
फट राहतेय अजून.
पाण्यात राहिली की फुगेल, म्हणाली,
चार दिवस लागतील.