डिकडिक

बॉनिफासबाबांच्या डोळ्यांत थेंब घालायला
मी दिवसातून दोनदा मयड्याला जाते.
इथे भिंतींना पाणी सुटतं, मिठाच्या बरणीला सुटतं,
केळीच्या नुसत्या पानाला हात लावला तरी मनगट भिजतं.
बाबांचे डोळे तेवढे कोरडे.
"वीस वर्सां हांव वोईक आशिल्लों," ते म्हणतात,
जणू हाच आजार.

वोई म्हणजे केनियातलं स्टेशन. बाबा तिथे तिकिटं फाडायचे.
तांबडी माती, काटे, आणि रुळांपलीकडे
सशाहून थोडंसंच मोठं हरीण.

वर बघा, मी म्हणते.
वर बघतात, पण बोलणं थांबत नाही.
पाच किलोचा जीव, बाय.
म्हापशाच्या बाजारातून पिशवीत घालून आणशील एवढा.
नाक लांबट, सारखं वळवळणारं,
त्या नाकातच आपलं रक्त थंड करून घेतो.
पाणवठ्याचं तोंड बघत नाही.
पहाटे पानावर जे ओलं असेल
त्यावर दिवस काढायचा.

हललात. थेंब गालावर गेला.

दोघंच असतात. तो आणि ती, मरेपर्यंत.
एक झुडूप, एक वारूळ, मधली पायवाट,
एवढीच इस्टेट.
हद्दीवर तिची लेंडी आधी, मग त्याची तिच्यावर.
रोज त्याच जागी!
(इथे बाबा हसतात. दुसरा थेंबही फुकट.)
बिबट्याचा वास आला की नाकातून शीळ, झिक-झिक,
आणि वाकडीतिकडी धूम.
एक इकडे, एक तिकडे.
मग संध्याकाळी परत जमायचं कसं?

डोळ्याच्या कोपऱ्यात काळी खाच असते त्याच्या.
गवताच्या काडीचं टोक तो तिथे अलगद टेकवतो,
डांबराएवढा काळा ठिपका ठेवून पुढे जातो.
"रडना तो, बाय. पत्तो बरयता."

आता मात्र डोळे मिटून पडून राहा, पाच मिनिटं.

मी बाटलीचं झाकण लावते, बाहेर येते.
बाल्कांवाच्या खांबावर, बसल्या माणसाचा हात जाईल तिथे,
चुन्यावर एक काळपट डाग आहे,
तळव्याएवढा, तेलकट, वर्षानुवर्षांचा.
आणि त्याच्या वीतभर खाली
अजून एक, लहान.
गेल्या लेंतीपासून तो फिकट होत चाललाय.

परवा रंगारी येणार आहे म्हणे.
स्कूटर सुरू करण्याआधी मी आत जाऊन सांगते:
खांब राहू द्या.
बाबा डोळे मिटूनच म्हणतात, कोणता?